सूप कसं पाखडायचं: मेडिकल डिव्हाइसमधल्या ओपन सोर्सच्या नोन इश्यूजचा हिशोब

आयईसी ६२३०४ नावाचं मेडिकल डिव्हाइस सॉफ्टवेअरचं स्टँडर्ड आहे, २००६ चं, २०१५ मध्ये त्यात सुधारणा झाली, आणि त्यात बाहेरून घेतलेल्या सॉफ्टवेअरला जे नाव दिलंय, सॉफ्टवेअर ऑफ अननोन प्रोव्हेनन्स, त्याचा शॉर्टफॉर्म होतो सूप. म्हणजे जे तयार मिळतं पण मेडिकल डिव्हाइससाठी बनलेलं नाही, किंवा जे कसं बनलं याचे नीट कागद आपल्याकडे नाहीत, ते सगळं सूप. लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सूप, ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) सूप, एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) सूप. पहिल्यांदा मीटिंगमध्ये ऐकलं तेव्हा मला आजीचं भिंतीला टांगलेलं सूप आठवलं आणि हसूच आलं, पण नंतर कळलं की काम अगदी तेच आहे, ढीगभर बग सुपात घ्यायचे, आपल्या कामाचे खडे वेगळे काढायचे आणि बाकीचा कोंडा उडवून द्यायचा. फक्त इथे उडवलेल्या कोंड्याचाही हिशोब लिहून ठेवावा लागतो.

स्टँडर्डचं ७.१.३ हे कलम साधं आहे. सूप बिघडल्याने पेशंटला धोका होऊ शकत असेल तर त्या सूपच्या सप्लायरने प्रसिद्ध केलेली अ‍ॅनॉमली लिस्ट (माहीत असलेल्या बिघाडांची यादी), तुम्ही वापरता त्या व्हर्जनची, बघा आणि तपासा. पैसे देऊन घेतलेल्या आरटीओएसचं (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिमचं) बरं असतं, व्हेंडर दर रिलीजला पीडीएफ पाठवतो, हे हे बग माहीत आहेत, हा हा उपाय. पण लिनक्सचा सप्लायर कोण? पीडीएफ कोण पाठवणार? कोणी नाही. गंमत म्हणजे लपवलेलं पण काहीच नाही, सगळं उघड्यावर पडलंय, हजारो मेलमध्ये, गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास), बगझिलामध्ये (बगच्या नोंदी). तर लिस्ट आपणच बनवायची, आणि ती कशी बनवायची ते सांगते. गाडीवाल्यांचं सेफ्टीचं स्टँडर्ड आयएसओ २६२६२ असो की हे, भाषा वेगळी, काम बरंचसं एकच.

उदाहरणाला एक डिव्हाइस धरू. इन्फ्युजन पंप, म्हणजे सलाइनमधून औषध मोजून सोडणारं मशीन. एआरएमची चिप, लिनक्स ६.१, वर बिझीबॉक्स (लिनक्सच्या कमांड्सचा छोटा संच), ओपनएसएसएल, एसक्यूलाइट, आणि सगळं योक्टोवर (एम्बेडेड लिनक्स बनवायचं टूल) बिल्ड केलेलं, जीसीसीने कंपाइल केलेलं.

आधी घरात काय आहे ते बघा. सगळे इथे एसबॉम (आतल्या सगळ्या सॉफ्टवेअर घटकांची यादी) काढतात, एसपीडीएक्स फॉरमॅटमध्ये, योक्टो तो आपोआप देतो, आणि त्यांना वाटतं झालं. एसबॉम लागतोच, पण त्यात लिहिलेला व्हर्जन नंबर तुम्हाला दोन्हीकडून फसवतो. हार्टब्लीड आठवतंय ना, मेमरीतला गुप्त डेटा बाहेर गळवणारा बग, एप्रिल २०१४, सीव्हीई-२०१४-०१६० (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सिक्युरिटी बगला मिळणारा नंबर). ओपनएसएसएल १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंत बाधित, १.०.१जी मध्ये दुरुस्त. डेबियन ७ (लिनक्सचं एक डिस्ट्रिब्यूशन) वाल्यांकडे होतं १.०.१ई, त्यांनी दुरुस्ती त्याच्यावरच चढवली, त्यामुळे दुरुस्त पॅकेजचा नंबरही १.०.१ई च राहिला, मागचं शेपूट तेवढं बदललं. नुसता नंबर बघणारा स्कॅनर बोंबलत राहणार की बग आहे, बग आहे. आणि ज्यांनी हार्टबीट, म्हणजे ज्या फीचरमध्ये हा बग होता तेच, बंद करून बिल्ड केलं होतं त्यांचा नंबर बाधित यादीत असूनही बग त्यांच्याकडे नव्हताच. म्हणून माझ्या शीटमध्ये प्रत्येक सूपसमोर चार गोष्टी असतात: कमिटचा हॅश (गिटमध्ये नोंदलेल्या बदलाची खूण), आपण वर चढवलेले पॅच, कॉन्फिग फाइल जशीच्या तशी, आणि खरोखर कंपाइल झालेल्या सोर्स फाइल्सची यादी.

ही शेवटची यादी आळस करून टाळू नका, तिच्यावरच पुढचं अर्धं काम हलकं होतं. कर्नलच्या सोर्समध्ये जगातल्या प्रत्येक नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आहे, तुमच्या पंपात त्यातलं किती? बिल्ड झाल्यावर ऑब्जेक्ट फाइल्स मोजा किंवा कर्नलसोबत येणाऱ्या स्क्रिप्टने कंपाइल कमांड्सची यादी काढा, आणि ती बिल्डबरोबर आर्काइव्ह करा.

आता खडे कुठून येतात ते. पहिला स्रोत सीव्हीई. इथे एक बदल झालाय तो माहीत पाहिजे, फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलची टीम स्वतःच कर्नलचे सीव्हीई नंबर देते आणि त्यांचं धोरण असं की जरा जरी शंका असली तरी नंबर द्यायचा, कारण कर्नल कोण कुठे वापरतंय ते त्यांना माहीत नसतं. परिणाम असा की वर्षाला हजारोंनी नंबर येतात. मॅनेजर लोक आकडा बघून घाबरतात. घाबरू नका, कारण त्या प्रत्येक रेकॉर्डमध्ये बग कुठल्या कमिटने आला, कुठल्या कमिटने गेला आणि कुठल्या सोर्स फाइल्समध्ये आहे हे दिलेलं असतं, आणि सगळे रेकॉर्ड एका गिट रिपॉझिटरीत जेसनमध्ये मिळतात. छोटी पायथॉन स्क्रिप्ट लिहा, रेकॉर्डमधल्या फाइल्स एका बाजूला, तुमच्या कंपाइल झालेल्या फाइल्स दुसऱ्या बाजूला, जुळल्या नाहीत तर ओळ आपोआप बंद, कारणासकट. हेडर फाइल असेल तर मात्र आपोआप बंद करू नका, ती कुठेही शिरलेली असते. एनव्हीडीवर (अमेरिकन सरकारचा सीव्हीईंचा डेटाबेस) फार टेकू नका, २०२४ च्या सुरुवातीपासून त्यांच्याकडे तपासणीचा ढीग साचलाय, बऱ्याच नोंदींना बाधित प्रॉडक्टची माहितीच जोडलेली नसते, मग स्कॅनर शांत बसतो आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक.

आणखी एक बारीक गोष्ट. कर्नलची टीम दुरुस्ती उपलब्ध झाल्यावरच नंबर देते. म्हणजे जे बग माहीत आहेत पण अजून सुटले नाहीत ते या यादीत दिसणारच नाहीत. आणि आपल्याला तर नोन इश्यूज हवेत.

पण खरा मुद्दा पुढे आहे, आणि यावर मी मीटिंगमध्ये भांडले पण आहे. सीव्हीई ही सिक्युरिटीची यादी आहे, सेफ्टीची नाही. ३० जून २०१२ ला लीप सेकंद आला, घड्याळात एक सेकंद जास्तीचा घातला गेला, आणि जगभरात लिनक्सचे सर्व्हर शंभर टक्के सीपीयू खात बसले, रेडिट वगैरे साइट्स आडव्या झाल्या. कर्नलने आपल्या टायमरच्या भागाला घड्याळ बदललं हे कळवलंच नव्हतं, त्यामुळे छोटे टाइमआउट लगेच संपत होते आणि प्रोग्राम गरागरा फिरत होते. उपाय काय, तर डेट कमांडने तारीख परत सेट करा. हल्लेखोर कोण? कोणीच नाही, कॅलेंडर! तसाच २.६.३२ च्या काळातल्या काही एक्स८६ कर्नलमधला बग, मशीन २०८ दिवस सलग चालू राहिलं की कोसळायचं, कारण आत वेळेच्या गणितात आकडा ५४ बिटांपलीकडे गेला की ओव्हरफ्लो व्हायचा, आणि ५४ बिटांत मावणारे नॅनोसेकंद म्हणजे २०८.५ दिवस. सर्व्हरवाला म्हणेल चला रीबूट करू. पण वॉर्डातलं मशीन यूपीएसवर असतं, ते बंद करायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही, आणि तुमच्या टेस्टिंगमध्ये कोणी २०८ दिवस थांबलंय का?

जाता जाता, कर्नलवाल्यांनी यावर एक झकास युक्ती केलीये. जिफीज नावाचा टिक मोजणारा काउंटर ३२ बिटांच्या मशीनवर सेकंदाला १००० टिक असतील तर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो, म्हणून त्यांनी त्याची सुरुवातच शून्याच्या पाच मिनिटं अलीकडून केलीये. बूट झाल्यावर पाचव्या मिनिटालाच तो उलटतो, आणि कोणाचा ड्रायव्हर कच्चा असेल तर तो टेबलावरच पडतो, हॉस्पिटलमध्ये नाही. आपल्या स्वतःच्या कोडमधल्या काउंटरनाही हे करा, फुकटचं शहाणपण आहे.

तर सीव्हीईशिवाय कुठे बघायचं? सगळ्यात श्रीमंत खाण म्हणजे स्टेबल शाखेचा गिट लॉग. समजा तुम्ही ६.१ च्या एका टॅगवर (रिलीजच्या खुणेवर) गोठलेले आहात. तिथपासून त्या शाखेच्या आजच्या टॅगपर्यंतची रेंज गिट लॉगला द्या, आणि पाथ म्हणून फक्त तुमच्या कंपाइल झालेल्या फाइल्स. जे उरेल ती जवळजवळ तुमची अ‍ॅनॉमली लिस्टच आहे, कारण स्टेबलमध्ये नवीन फीचर येत नाहीत, बहुतेक दुरुस्त्याच येतात, प्रत्येक दुरुस्ती म्हणजे तुमच्याकडे असू शकणारा एक बग. कमिटच्या तळाशी बहुतेक वेळा फिक्सेस नावाची ओळ असते, कुठल्या कमिटने हा बग घातला त्याचा बारा अक्षरी हॅश आणि शीर्षक. तो मूळ कमिट तुमच्या इतिहासात आहे का बघा, नसेल तर बग तुमच्याकडे आलाच नव्हता. इथे नवीन लोक हमखास अडकतात, कारण स्टेबल शाखेत पॅच आला की त्याचा हॅश बदलतो आणि शोधलं तर सापडत नाही, मग ते लिहून मोकळे होतात की लागू नाही. तसं करू नका, स्टेबलच्या कमिट मेसेजमध्ये सुरुवातीलाच मूळ हॅश लिहिलेला असतो, त्यावरून एकदा जोड्यांचा तक्ता बनवून ठेवा आणि स्क्रिप्टला तो वापरू द्या. आणि फिक्सेसची ओळच नसेल तर तो कमिट वाचावा लागतो, त्याला पर्याय नाही.

न सुटलेल्यांसाठी सिझबॉटचा डॅशबोर्ड बघा, तिथे सिझकॉलर नावाचं फझिंगचं (उलटसुलट इनपुट मारून बघायचं) टूल कर्नलवर रात्रंदिवस दगड मारत असतं आणि काय फुटलं ते सबसिस्टिमनुसार मांडलेलं असतं. रेग्झबॉट म्हणजे रिग्रेशनची यादी, आधी चालत होतं आणि आता मोडलं अशा तक्रारी. आणि तुमच्या दोन-चार कळीच्या ड्रायव्हर्सच्या मेलिंग लिस्ट, आयटूसी (चिप आणि सेन्सर जोडणारी बस), वॉचडॉग (सिस्टिम अडकली की रीसेट करणारा टायमर), एमएमसी (स्टोरेज), जे काय असेल ते. सगळ्या लिस्ट वाचायला जाऊ नका, वेड लागेल.

कंपायलरला विसरतात सगळे. जीसीसीच्या बगझिलामध्ये राँग-कोड असा कीवर्ड आहे, म्हणजे कंपायलर गप्प बसतो, एरर नाही वॉर्निंग नाही, आणि चुकीचा कोड बनवतो. नोन टू फेल या रकान्यात तुमचं व्हर्जन टाकून शोधा, मग टार्गेट आणि ऑप्टिमायझेशन फ्लॅग बघून गाळा, बरेचसे बग फक्त ओ३ या जोरदार ऑप्टिमायझेशनला किंवा दुसऱ्याच प्रोसेसरवर दिसतात.

आता निकाल लिहायचा भाग, आणि माझ्या मते इथेच सगळं ठरतं. एका जुन्या नोकरीत आमच्या शीटमध्ये शेकडो ओळींसमोर नुसतं लागू नाही एवढंच लिहिलेलं होतं. ऑडिटरने मधलीच एक ओळ बोटाने दाखवून विचारलं, हे कोणी ठरवलं आणि कशावरून? खोलीत सहा जण, कोणालाच आठवेना. त्या दिवशी काय फजिती झाली ते विचारू नका.

सिक्युरिटीवाल्यांकडे वेक्स नावाची पद्धत आहे, ती उचलायला हरकत नाही. चार निकाल: बाधित नाही, बाधित, दुरुस्त, तपास चालू. आणि बाधित नाही म्हणायचं तर ठरलेल्या पाच कारणांतलं एक द्यायचं: तो घटकच आमच्यात नाही, तो कोड आमच्यात नाही, तो कोड आमच्याकडे चालतच नाही, हल्लेखोराला तिथपर्यंत पोचता येत नाही, किंवा बंदोबस्त आधीच केलेला आहे. पहिली तीन सेफ्टीलाही चालतात. चौथं कारण सेफ्टीच्या शीटमधून खोडून टाका. हल्लेखोराला पोचता येत नसेल हो, पण ढिल्या झालेल्या केबलला पोचता येतं, संपत आलेल्या फ्लॅशला पोचता येतं, शेजारी लावलेल्या मशीनच्या विजेच्या खरखरीला पोचता येतं. आयटूसीवर अर्धवट उत्तर आलं की ड्रायव्हर नल पॉइंटरवर पडतो असा बग असेल तर त्याला हॅकर लागत नाही, सेन्सरचा कनेक्टर नीट न बसवलेला पुरतो. पाचव्यालाही नुसतं हो म्हणू नका, बंदोबस्त हल्लेखोराविरुद्ध केलाय की बिघाडाविरुद्ध ते विचारा, फायरवॉल असेल तर सेफ्टीला शून्य उपयोग, वॉचडॉग असेल तर बोलता येईल.

एसक्यूलाइटचं उदाहरण छान आहे. त्यांच्या साइटवर सीव्हीईंचं वेगळं पान आहे आणि तिथे ते स्पष्ट म्हणतात की बहुतेक सीव्हीई हल्लेखोराला स्वतःचं एसक्यूएल चालवता आलं तरच लागू होतात. सिक्युरिटीला हे उत्तर पुरतं. सेफ्टीला तेच उत्तर फिरवून लिहा: आमच्या डिव्हाइसमध्ये क्वेरी ठरलेल्या आहेत, त्यांची यादी ही, त्यातली एकही त्या प्रकारची नाही. आता कारण हल्लेखोराबद्दल राहिलं नाही, कोड चालतो की नाही याबद्दल झालं, आणि ते तपासता येतं.

सीव्हीएसएसच्या स्कोअरवर (सिक्युरिटी बगच्या तीव्रतेचे दहापैकी गुण) रांग लावू नका. ब्लूटूथमधला ९.८ चा बग तुमच्या पंपात ब्लूटूथच नसेल तर दोन मिनिटांत बंद होतो, आणि आयटूसीचा टाइमआउट नीट हाताळला नाही अशा साध्या शीर्षकाचा, कुठलाच नंबर नसलेला कमिट अर्धा दिवस खातो कारण मोटरचा कंट्रोलर त्याच बसवर बसलाय. रांग लावायची तुमच्या आयएसओ १४९७१ (मेडिकल डिव्हाइसच्या जोखमीचं स्टँडर्ड) च्या हॅझर्ड अ‍ॅनालिसिसवर. प्रत्येक उरलेल्या बगला एकच प्रश्न, हा झाला तर पेशंटला काय होईल: औषध जास्त जाईल, कमी जाईल, थांबेल, की अलार्मच वाजणार नाही? शेवटचं सगळ्यात वाईट, कारण तिथे कोणाला कळतच नाही. आणि हा प्रश्न एकट्या सॉफ्टवेअरवालीने सोडवू नये, सिस्टिमचा एक माणूस आणि क्लिनिकलचा एक माणूस शेजारी बसवा, चहा पाजा, पण बसवा. मला वाटायचं पंप दोन सेकंद अडकला तर काय बिघडतं, क्लिनिकलच्या मॅडमनी विचारलं की औषध कुठलं आहे, आणि मी गप्प झाले.

मग कोणीतरी म्हणतंच, एवढं करण्यापेक्षा सरळ लेटेस्ट स्टेबल घेऊ की! घ्या, पण डोळे उघडे ठेवून. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी ६.१.६४ आलं, त्यात एक्स्ट४ फाइलसिस्टिमचा एक पॅच बॅकपोर्ट झाला होता (नव्या कर्नलमधून मागे आणला होता), पण त्याला लागणारा दुसरा पॅच त्या शाखेत नव्हता, आणि काही प्रकारच्या लिहिण्यात डेटा खराब व्हायला लागला. ६.१.६६ मध्ये ते निस्तरलं. डेबियनने १२.३ ऐन वेळी रोखून डिसेंबरमध्ये थेट १२.४ काढलं. म्हणजे दर आठवड्याला इमानाने अपडेट करणारेच सापडले. म्हणून आमच्याकडे याद्या दोन असतात, आज आहोत त्या व्हर्जनची आणि जाणार आहोत त्या व्हर्जनची, आणि जाणार ते व्हर्जन निदान काही आठवडे जुनं झाल्याशिवाय, त्यानंतरच्या कमिटमध्ये त्याच्यावरच कोणी दुरुस्ती टाकली नाही ना हे बघितल्याशिवाय उडी मारत नाही. सिक्युरिटीचं पेटलेलं भोक असेल तर अर्थात एवढं थांबता येत नाही, तिथे तेवढाच पॅच उचला आणि त्याला लागणारे सोबती पॅच आहेत का हे एक्स्ट४ ची आठवण ठेवून तपासा.

वेळापत्रक फार जड करू नका. स्क्रिप्ट रोज रात्री चालू दे, आठवड्याला अर्धा-पाऊण तास नवीन ओळी बघायच्या, महिन्याला सिस्टिम आणि क्लिनिकलवाल्यांबरोबर बसायचं. रिलीजच्या दिवशी यादी गोठवायची, तारीख आणि बिल्ड नंबर टाकून, आणि ज्या बगझिला पानांवरून निर्णय घेतला त्यांची प्रतही जोडायची, ती पानं बदलतात. न सुटलेले बग तसेच ठेवून डिव्हाइस बाहेर काढायला बंदी नाही, अमेरिकेच्या एफडीएला तर अनरिझॉल्व्ह्ड अ‍ॅनॉमलीजची यादी सबमिशनमध्येच हवी असते, आणि २०२३ पासून नेटवर्कला जोडता येणाऱ्या डिव्हाइससाठी एसबॉमही. त्यांना रिकामी यादी नको असते. रिकामी यादी बघून उलट संशय येतो.

शीटमधला एक रकाना मात्र मी कोणाला वगळू देत नाही: ही ओळ परत कधी उघडायची. नमुना देते. फाइल आमच्या बिल्डमध्ये आहे, पण बग डीएमए मोडमध्ये (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवायचा मोड) आहे आणि आमच्या डिव्हाइस ट्रीमध्ये (हार्डवेअरचं वर्णन करणारी फाइल) डीएमए बंद आहे, अमुक बिल्डवर बघितलं, अमुक तारीख, अमुक नाव, डीएमए चालू केलं किंवा तो सेन्सर बदलला तर परत उघडा. ही शेवटची अट लिहिली नाही तर दोन वर्षांनी नवा मुलगा स्पीड वाढवायला डीएमए चालू करतो आणि बंद केलेला बग गुपचूप जिवंत होतो. अट लिहूनही भागत नाही, ती कोणीतरी वाचायला पाहिजे. पर्चेसवाले पार्ट मिळत नाही म्हणून दुसऱ्या मेकचा ईएमएमसी (स्टोरेजची चिप) घेतात आणि सॉफ्टवेअरला ते चार महिन्यांनी कळतं. मी शेवटी आमच्या ईसीएनच्या, म्हणजे डिझाइन किंवा पार्ट बदलल्याची नोंद करायच्या, फॉर्मवरच एक चौकोन वाढवून घेतला, सूपच्या शीटमधल्या कुठल्या ओळी उघडायच्या ते लिहा. पहिले दोन महिने सगळे त्यात डॅश मारायचे. मग मी डॅश मारलेले फॉर्म सही न करता परत पाठवायला लागले.